माझी आत्या, माझी सासू आणि विरूचा ताप

परवा लातूरकडच्या एका बाईचा फोन आला. ओळख ना पाळख. "तुमच्या पोराला झालतं तेच माझ्या पोरीला झालंय म्हणतेत. वाचंल का हो ती?" एवढं बोलली आणि रडायलाच लागली. मी म्हटलं, बाई, सकाळपासून पोटात काही गेलंय का? तर म्हणाली, न्हाई. मग आधी चहा-बिस्कीट घ्या, मी फोन धरून बसते. तिनं खरंच खाल्लं, मला चावायचा आवाज येत होता. मग आम्ही बोललो.

तिला जे सांगितलं ते, आणि फोनवर जे सांगता आलं नाही तेही, इथं लिहिते आहे. मी नंदा, डॉक्टर नाही. सिरसाळ्यात आमची आडत आहे, शेतकऱ्यांचा माल विकून द्यायचा धंदा. सोयाबीन येतं, कापूस येतो. नवरा काटा सांभाळतो आणि मी तोंड चालवते, असं तोच सगळ्यांना सांगतो. तोंड चालवायची सवय आहे म्हणूनच लिहायला बसले.

ताप

कोरोनाची दुसरी लाट ओसरत आली होती. त्याआधी आमच्या घरात सगळ्यांना सर्दी-खोकला होऊन गेला होता. माझा मुलगा विरू तेव्हा नऊ वर्षांचा. त्याला तर एक दिवस नाक गळालं आणि दुसऱ्या दिवशी तो अंगणात सायकल फिरवत होता. आम्ही म्हटलं, सुटलो बाबा.

महिनाभरानं त्याला ताप भरला. पोटात दुखतंय म्हणून गडाबडा लोळायला लागला. सासूबाईंनी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली, मी गोळी दिली, दोन्हीचा काही उपयोग झाला नाही. सिरसाळ्याचे आमचे नेहमीचे डॉक्टर दोनदा घरी येऊन गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा विरूचे डोळे लालभडक झाले होते, ओठ फुटले होते आणि छातीवर पुरळ उठलं होतं. डॉक्टरांनी त्याचे हातपाय चाचपले, ते गार लागत होते. "हे आता माझ्या हातातलं न्हाई वैनी, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या," म्हणाले. ते खरं बोलले याचे उपकार मी अजून मानते.

अंबाजोगाईहून आम्हाला पुण्याला पाठवलं. गाडीत मी, माझे मालक मन्मथ आणि सासूबाई. त्यांना कोणी 'चल' म्हटलं नव्हतं. त्या हातात पाण्याची बाटली घेऊन आधीच गाडीत जाऊन बसल्या होत्या.

निदान

पुण्याच्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या. बोलताना डोळ्यात बघून बोलायच्या, हे मला आवडलं. त्यांनी सांगितलं ते असं: कोरोना होऊन गेला की थोड्याच मुलांना, काही आठवड्यांनी हा आजार होतो. विषाणू गेलेला असतो, पण शरीर लढायचं थांबत नाही. विरूचं हृदय थकलं आहे, रक्तदाब खाली गेला आहे, त्याला आयसीयूत ठेवावं लागेल.

मी विचारलं, "मॅडम, वाचंल ना?"

त्या म्हणाल्या, "आम्ही वेळेत पकडलंय. पुढचे दोन-तीन दिवस अवघड आहेत."

वाचंल असं त्या म्हणाल्या नाहीत. मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. नवरा उभा राहिला, कारण दोघांपैकी एकानं तरी उभं राहायला पाहिजे होतं.

मग मॅडमनी बरेच प्रश्न विचारले. आधी कोणता आजार, घरात कोणाला काय, आणि मग, "तुम्ही नवरा-बायको आधीपासून नात्यातले आहात का?"

सासूबाई पुढं झाल्या. "छे छे! आमच्यात तसलं नसतंय बाई."

मी मान हलवली. नवऱ्यानंही हलवली. आणि आम्ही तिघंही अगदी खरं बोलतोय, असंच आम्हाला वाटत होतं.

आयसीयू

आत एकालाच सोडायचे. सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, अंगात तो हिरवा झगा. पहिल्यांदा गेले तर विरूनं मला ओळखलंच नाही. मी म्हटलं, "अरे, मी मम्मी." तो म्हणाला, "खोटं. मम्मी एवढं हळू बोलत न्हाई."

सिस्टर हसली. मलाही हसू आलं आणि हसतानाच रडू फुटलं. पोरगं नळ्यांनी बांधलेलं, आणि आईची टिंगल करतंय.

एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. आम्ही लिंगायत. विरूची दीक्षा नुकतीच झाली होती, त्याच्या गळ्यात दोऱ्यात बांधलेलं इष्टलिंग होतं. छातीची तपासणी करायची म्हणून ते काढायला सांगितलं. लिंग अंगावेगळं करायचं नाही, असं आमच्याकडं लहानपणापासून बिंबवलेलं असतं. विरू घाबरला. दोन्ही मुठींनी दोरा धरून बसला आणि सोडेना. ड्यूटीवरची सिस्टर केरळची, मराठी मोडकं. तिनं काही वाद घातला नाही. एक निर्जंतुक पिशवी फोडली, लिंग त्यात ठेवलं, आणि पिशवी त्याच्या दंडाला पट्टीनं चिकटवली. "इधर है. तेरे पास है," म्हणाली. त्यानं मुठी सोडल्या. त्या बाईचं नाव मला माहीत आहे, पण तिला विचारल्याशिवाय इथं कसं लिहू? तिच्या नावानं मी दर सोमवारी हात जोडते, एवढं सांगते.

रक्तापासून बनवलेलं एक औषध बाटलीतून हळूहळू शिरेत गेलं, स्टेरॉइड सुरू झाली. त्यातलं मला फार समजत नव्हतं. मला समजत होतं ते एकच, मॉनिटरवरचा एक आकडा वर जायला पाहिजे. मी सगळा वेळ त्या आकड्याकडं बघायची. शेवटी सिस्टरनं माझं तोंडच धरून विरूकडं वळवलं. "पेशंट इधर है."

बाहेर सासूबाई बाकावर. कपाळाला विभूती, ओठ हलतायत. मी बाहेर आले की त्या काही विचारायच्या नाहीत, नुसता डबा उघडायच्या. मी चिडायची. "आत्या, मला न्हाई जात घशाखाली!"

"न्हाई जात तर न्हाई. तोंडात धरून बस."

हो, मी त्यांना आत्या म्हणते. आमच्या भागात बऱ्याच सुना सासूला आत्याच म्हणतात, त्यामुळं कोणाला काही वेगळं वाटलं नाही. इतर सुना 'अहो आत्या' म्हणतात, मी 'ए आत्या' म्हणते. कारण त्या माझ्या खऱ्याच आत्या आहेत. माझ्या वडिलांची सख्खी मोठी बहीण. माझा नवरा माझा आत्येभाऊ. लहानपणी मी त्याला मन्या म्हणायची आणि त्याच्या पाठीत धपाटे घालायची. लग्नानंतर 'अहो' म्हणावं लागलं, धपाटे चालूच राहिले.

मग 'नात्यातले आहात का' म्हटल्यावर 'नाही' कसं काय म्हणालो? सांगते.

सारखी नाकं

विरूचा ताप उतरला. आकडा वर आला. त्याला आयसीयूतून वॉर्डात हलवलं त्या दिवशी दुपारी माझे वडील माझ्या माहेराहून, पाटोद्याहून आले. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. आप्पांनी विरूच्या डोक्यावरून हात फिरवला, मग वळून माझ्या सासूकडं बघितलं. "अक्का," म्हणाले, आणि दोघं म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. इतके दिवस आत्याच्या डोळ्यातून टिपूस आला नव्हता. भाऊ दिसला आणि बांध फुटला.

नेमक्या तेव्हाच मॅडम राउंडला आल्या. थांबल्या. आधी आप्पांकडं बघितलं, मग आत्याकडं. आमच्या घरची नाकं मोठी, लांबून ओळखू येतात.

"हे कोण?" मॅडमनी मला विचारलं.

"माझे वडील."

"आणि ह्या तुमच्या सासूबाई ना?"

"हो."

"दोघं किती सारखे दिसतात!"

आप्पांनी डोळे पुसले आणि सरळ सांगून टाकलं, "दिसणारच की मॅडम. सख्खे भाऊ-बहीण हावोत आमी."

मॅडमनी हातातली फाइल खाटेवर ठेवली. "तुम्ही तर म्हणाला होतात, नात्यातले नाही!"

आत्या अगदी मनापासून म्हणाली, "न्हाईच की. भावकी म्हंजे रक्ताची. चुलत, सख्खे. त्यांच्यात आमी लग्न करतो व्हय? पाप लागंल. ह्यो तर सोयरा! भावाची लेक म्हंजे बहिणीच्या पोराचा हक्क. आडनाव यगळं, घर यगळं."

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. रागावल्या नाहीत. "माझंच विचारायचं चुकलं," म्हणाल्या. "यापुढे मी असं विचारेन, की सासूबाई लग्नाआधी तुमच्या कोण लागत होत्या." मग म्हणाल्या, "विरूच्या रक्ताची एक तपासणी करायची आहे. तुमच्या दोघांच्याही."

तुम्ही आमच्यासारख्या घरातले असाल तर एवढं ऐका. डॉक्टरनं न विचारता सांगा. आत्या, मामा, सगळं सांगा. लाज वाटायचं कारण नाही.

ते जनुक

रिपोर्ट यायला बराच काळ गेला. तोवर विरू घरी येऊन शाळेत जायला लागला होता, हृदयाचा फोटोही चांगला आला होता. मॅडमनी आम्हाला तिघांना समोर बसवलं. विरू बाहेर मोबाईल खेळत होता.

त्या म्हणाल्या, अंगात विषाणू घुसला की पेशी हाकाटी करतात, त्या हाकेला इंटरफेरॉन म्हणतात. ती हाक ऐकली की एक जनुक कामाला लागतं. त्याचं नाव ओएएस-वन. ते एक एन्झाइम तयार करतं. ते एन्झाइम विषाणूचा माल, म्हणजे त्याचा आरएनए, ओळखतं आणि त्याचे तुकडे करायला दुसरं एन्झाइम कामाला लावतं. माल संपला की हाकाटीही थांबते. विरूमध्ये ते एन्झाइम कामाचं बनतच नाही. त्यामुळे विषाणू गेला तरी त्याचा उरलासुरला माल बघून शरीर ओरडतच राहिलं. "शंभर टक्के यामुळेच झालं असं कोणी सांगू शकणार नाही," त्या म्हणाल्या, "पण सगळं जुळतंय."

मी माझ्या भाषेत समजून घेतलं. चोर कधीच पळून गेला होता, आणि जमलेल्या लोकांनी घरच्यांनाच धरून हाणलं.

मन्मथनं विचारलं, "मग आमाला कावून न्हाई झालं?"

"प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईची, एक वडलांची. तुम्हा दोघांची एक प्रत चांगली आहे, तेवढ्यावर भागतं. दुसऱ्या प्रतीत दोघांच्याही तीच चूक आहे, एकाच आजोबा-आजीकडून आलेली. विरूला नेमक्या त्याच दोन मिळाल्या."

एकाच आजोबा-आजीकडून. म्हणजे आत्याच्या आई-बापाकडून. आत्या माझ्या शेजारी बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला.

"आता पुढं?" मी विचारलं.

"पुढं विरू इतर मुलांसारखाच. शाळा, खेळ, सगळं. लशी चुकवायच्या नाहीत. ताप आला तर अंगावर काढायचा नाही, मला फोन करायचा. आणि त्याचं लग्न ठरवाल तेव्हा एवढंच बघा, मुलगी ह्या घराण्यातली नको."

मन्मथ म्हणाला, "दहा-अकरा वर्षांचं पोरगं हाय, मॅडम." मॅडम म्हणाल्या, "तुमच्यात लवकर ठरतं, असं ऐकलंय." आणि खरंच ठरलेलं होतं. माझ्या भावाला, शंभूला मुलगी झाली की ती विरूची, हे शंभूच्या लग्नातच बोलून झालं होतं. मी स्वतः बोलले होते, मांडवात, सगळ्यांसमोर.

घर

आजारात घरात भांडणं होतात. सून म्हणते तुमच्याकडचं, सासू म्हणते तुझ्या माहेरचं. दवाखान्यात मी अशा किती जणी बघितल्या. आमची पंचाईत अशी की आत्यानं माझ्या माहेराला नाव ठेवायचं तर ते तिचंच माहेर. मी तिच्या माहेराला नाव ठेवायचं तर तिथं माझे आप्पा बसलेले. दोष ठेवायला बाहेरचं कोणी नव्हतंच.

म्हणून मग आत्या गप्प झाली. हे जास्त वाईट होतं. ती माझ्याशी बोलेना. देवाजवळ बसून राहायची. विरू जवळ गेला की त्याला कुरवाळायची आणि लगेच उठून जायची. महिनाभर मी सहन केलं. मग एक दिवस भाकरी थापता थापता माझं डोकंच फिरलं.

"ए आत्या, तोंड उघड की! मी काय केलंय तुला?"

ती चुलीकडं बघत बोलली. "तू न्हाई केलं. मी केलं. तुझ्या बारशाला तुला मांडीवर घिऊन मीच म्हनले, ही माझी सून. कोनी सांगितलतं? कोनी न्हाई."

"मग कावून म्हनलीस?"

"माहेर सुटू नये म्हनून." तिनं चुलीत लाकूड सारलं. "माय-बाप गेले की बाईला कोन इचारतंय? भावाची लेक घरात आली तर भाऊ येतो, भाचा येतो, बोळवण राहते. मला पाटोदा सोडवत नव्हता नंदे. मायेनं मागितलं मी तुला. आन् ते त्या लेकराच्या अंगात निघालं."

माझी भाकरी करपली. मी तशीच पिठाच्या हातानं तिला धरलं. खरं सांगते, मला त्या क्षणी तिचा राग आला नाही. ह्या घरात मला कोणी कधी टोचून बोललं नाही. बाळंतपणात तिनं माझे पाय चेपले. माझ्या मैत्रिणी सासूच्या नावानं रडायच्या तेव्हा मला काय बोलावं कळायचं नाही. ते सगळं त्याच लग्नानं दिलं, आणि विरूचा ताप पण त्याच लग्नानं दिला. मी दोन्हीतलं एक टाकून द्यायला निघाले तर दुसरं पण जातंय.

मन्मथ दारात उभा होता. त्याला आम्हा दोघींचं रडणं बघवत नाही. म्हणाला, "करपली का भाकरी? चालंल, मी खातो." आणि खाल्ली.

बारसं

शंभूला मुलगी झाली. बारसं पाटोद्याला.

मी आठ दिवस आधीपासून धसक्यात. मी बाळाची आत्या, नाव मलाच ठेवायचं. आणि आमच्या घरची रीत अशी की जिला मुलगा आहे त्या आत्यानं नाव सांगितलं की बाळाच्या ओठाला साखर लावायची आणि म्हणायचं, 'ही माझी सून.' सगळं पाटोदा ते ऐकायला बसलेलं असणार. मी न म्हटलं तर शंभूची बायको, रेणुका, म्हणणार, माझ्या लेकीत काय खोट आहे? म्हटलं तर मी माझ्या पोराच्या पोरांना त्याच तापात ढकलणार. मी घरात कोणालाच विचारलं नाही. आत्याला तर नाहीच. तिच्या मनातून पाटोदा तोडायला मी कशी सांगू?

पाळणा सजवलेला. मी बाळाच्या कानाशी वाकले, "कुर्रर्र" केलं, नाव सांगितलं, गिरिजा. पाठीत बायकांचे गुद्दे बसले, माझ्या चुलतबहिणींनी तर जुने सगळे हिशेब काढले. हसू, गलका. मग रेणुकाच्या आईनं साखरेची वाटी माझ्यापुढं धरली.

मी साखर बाळाच्या ओठाला लावली. ते चुटूचुटू चोखायला लागलं. मी तोंड उघडलं आणि शब्दच येईना. सिरसाळ्याच्या आडतीवर अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा माझा आवाज, तो कुठं गेला कोण जाणे.

रेणुका माझ्याकडं बघत होती. तिचा चेहरा उतरायला लागला.

तेवढ्यात मागून आत्या उठली. गुडघे धरत, एकीच्या खांद्याला धरत पुढं आली. बायकांनी म्हातारीला वाट करून दिली. तिनं पाळण्याला बांधलेल्या रेशमी गोंड्यातला एक धागा ओढून काढला.

"विरू! ए विरू! कुठं गेलं ते कार्टं? ये हिकडं."

विरू पेढा खात आला. आता मिसरूड फुटायला लागलीय त्याला. आत्यानं त्याचा हात धरला, धाग्याचं एक टोक बाळाच्या मुठीत दिलं आणि दुसरं त्याच्या मनगटाला गुंडाळलं. गाठ पक्की मारली.

"ऐका गं सगळ्याजणी," आत्या म्हणाली. "माझ्या भावाच्या नातीला माझ्या घरात भाऊ दिला. आजपास्नं ही विरूची बहीण."

तशी रेणुका रडायला लागली, आणि रडत रडत हसली, आणि वाकून आत्याच्या पाया पडली. आप्पा दारातून बघत होते. त्यांनी डोळ्याला उपरणं लावलं. माझ्या तर डोळ्यापुढं पाळणाच दिसेना.

विरूनं मनगट वर करून धागा बघितला. "आजी, म्हंजे आता मला हिला दरसाल ओवाळणी द्यावी लागंल?"

"द्यावीच लागंल," आत्या म्हणाली. "म्हातारा होस्तोवर द्यावी लागंल."